खरा निघाला तर अडचण जास्त: हिरव्या दगडाच्या मुखवट्याबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: डॅलसजवळ एका इस्टेट सेलमध्ये हिरवट दगडाचा, वीतभर उंचीचा मुखवटा ठेवलाय. पाठीला चिकटवलेल्या चिठ्ठीवर 'तेओतिवाकान, इ.स. 400' एवढंच लिहिलंय. किंमत 4200 डॉलर. घराचे मालक वारले, मुलांना काही ठाऊक नाही, आणि सेल चालवणारे सांगतात की 'जुन्या कलेक्शनमधला आहे'. तुम्हाला अशा मुखवट्यांचा संग्रह सुरू करायचाय आणि दोन वर्षांनी पुण्याला परतताना तो सोबत न्यायचाय. फोटो टाकून तुम्ही विचारलंत, 'हा खरा आहे का?'

फोटोवरून सांगता येत नाही. जो कोणी छातीठोकपणे सांगेल त्याच्यापासून चार हात लांब राहा, मग तो 'खरा' म्हणो की 'खोटा'. मी दगडी पुरावस्तूंच्या जतनाचं काम करते. असे मुखवटे माझ्या टेबलावर अधूनमधून येतात, कधी संग्रहालयातून, कधी वारसा हक्काच्या वाटणीतून. वकील मात्र मी नाही. खाली कायद्याचं जे लिहिलंय ते रोजच्या कामात जेवढं माहीत असावं लागतं तेवढंच आहे. पैसे मोजण्याआधी या विषयातल्या वकिलाशी एकदा बोलून घ्या.

आता मूळ प्रश्नाकडे. फसवणुकीची भीती असते म्हणून सगळे 'खरा की खोटा' इथूनच सुरुवात करतात. पण हिशोब करून बघा. मुखवटा खोटा निघाला तर 4200 डॉलर गेले, चार दिवस चुटपुट लागेल, विषय संपला. मुखवटा खरा निघाला आणि सोबत कागद नसले, तर विषय तिथून सुरू होतो. तो विकता येत नाही, संग्रहालयाला द्यायला जावं तर ते घेत नाहीत, देशाबाहेर नेताना अडकतो, आणि उद्या मेक्सिको सरकारने मागितला तर तुमच्याकडे दाखवायला काही नसतं. म्हणून मी नेहमी उलटा प्रश्न विचारते: हा दगड 1972 च्या आधी कुठे होता, आणि ते कोण सिद्ध करू शकतं?

1972 का, ते सांगते. मेक्सिकोने पुरावस्तू देशाबाहेर नेण्यावर 1827 मध्येच बंदी घातली होती. 1897 च्या कायद्याने पुरातत्त्वीय अवशेष राष्ट्राच्या मालकीचे ठरवले. पण आज ज्याच्यावर सगळं चालतं तो 1972 चा संघीय कायदा. स्पॅनिश लोक येण्याआधीची प्रत्येक वस्तू, हलवता येणारी असो वा नसो, राष्ट्राची. ती विकता येत नाही, बाहेर नेता येत नाही. मेक्सिकोत एखाद्याच्या घरी जुनी वस्तू असली तर तो ती सरकारदरबारी नोंदवून सांभाळू शकतो, मालकी तरीही राष्ट्राचीच राहते.

'हा मेक्सिकोचा कायदा, मी तर टेक्सासात आहे' असं तुम्ही म्हणाल. गंमत अशी की यावरचा सगळ्यात गाजलेला अमेरिकी खटला तुमच्याच भागातला आहे. मॅक्लेन खटला या नावाने तो ओळखला जातो. मेक्सिकोतल्या प्राचीन वस्तूंचा व्यापार करणाऱ्यांवर तो भरला होता, आणि टेक्सास ज्या पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाखाली येतं, त्या न्यायालयाने 1977 आणि 1979 मध्ये त्यावर निकाल दिले. सार असं: परदेशाने एखाद्या प्रकारच्या वस्तूंवर आपली मालकी पुरेशा स्पष्ट शब्दांत जाहीर केली असेल, तर त्यानंतर तिथून गुपचूप आणलेली वस्तू अमेरिकेतही चोरीचा माल ठरू शकते. आणि मेक्सिकोच्या कायद्यांपैकी तेवढा स्पष्ट कायदा म्हणजे 1972 चा. मेक्सिको आजही 1827 चा दाखला देतं. अमेरिकेतले व्यवहार बहुतेक 1972 च्या रेषेवर चालतात. संग्रहालयं आणखी थोडं मागे, सांस्कृतिक वस्तूंचा बेकायदा व्यापार रोखणाऱ्या 1970 च्या युनेस्को कराराच्या वर्षापाशी थांबतात. अमेरिकेतल्या कला संग्रहालयांच्या संचालकांच्या संघटनेने 2008 मध्ये तीच रेषा पाळायचं ठरवलं. म्हणून 'जुन्या कलेक्शनमधला' या शब्दांना किंमत शून्य. किती जुनं? 1965 ची पावती आहे? 1950 च्या दशकातल्या दिवाणखान्याचा फोटो आहे, ज्यात मागच्या कपाटात हा मुखवटा दिसतोय? विम्याच्या कागदात वर्णन आहे? एखाद्या प्रदर्शनाच्या यादीत नोंद आहे? असलं काही मिळालं तर बोलण्यात अर्थ आहे.

इथे एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे हे कबूल करायला हवं. कागद नाहीत म्हणजे वस्तू चोरीचीच, असं नसतं. 1930 ते 1960 या काळात मेक्सिकोत फिरायला गेलेली कितीतरी अमेरिकी माणसं असे दगड सुटकेसमध्ये घालून घेऊन आली आणि पावती जपायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. खुद्द मेक्सिकोत दिएगो रिव्हेरासारखा चित्रकार अशा वस्तू हजारोंनी गोळा करत होता. फरक एवढाच की त्याने त्या देशातच ठेवल्या आणि त्यांच्यासाठी अनावाकायी हे संग्रहालय उभारलं, ते त्याच्या मृत्यूनंतर 1964 मध्ये लोकांसाठी खुलं झालं. तर, तुमच्या सेलमधल्या घरमालकांचा इतिहास अगदी निर्मळ असू शकतो. पण तो शोधून काढायची जबाबदारी विकत घेणाऱ्याची, आणि ती पैसे देण्याआधीची.

आता मुखवट्यांकडे वळू, कारण हे मुखवटे कशासाठी होते ते समजलं की कागदांचा एवढा आग्रह का तेही समजेल. तेओतिवाकान हे मेक्सिको सिटीच्या ईशान्येला साधारण 50 किलोमीटरवरचं प्राचीन शहर, इसवी सनाच्या पहिल्या पाच-सहा शतकांत भरभराटीला आलेलं. तिथल्या दगडी मुखवट्यांचा चेहरा एकदा पाहिला की विसरत नाही: रुंद सपाट कपाळ, आडवे लांबट डोळे, किंचित उघडे ओठ, दोन्ही बाजूंना चौकोनी पट्टीसारखे कान. त्या डोळ्यांत एके काळी शिंपला, पायराइट किंवा ऑब्सिडियन म्हणजे ज्वालामुखीची काच बसवलेली असायची, आता बहुतेकांचे खळगे रिकामे आहेत. हे मुखवटे कुणी तोंडावर लावत नव्हतं. जड आहेत, डोळ्यांना आरपार भोकं नाहीत. आपल्याकडे गौरीचे मुखवटे घालण्यासाठी नसतात, उभ्या केलेल्या गौरीवर बसवायचे असतात, तसंच काहीसं. कडेला आणि पाठीमागे जी भोकं दिसतात ती बांधण्यासाठी. कशावर बांधत, लाकडी मूर्तीवर की कापडात गुंडाळलेल्या पार्थिवावर, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे.

वाद संपत नाही याचं कारण साधं आहे. जगभरच्या संग्रहालयांत असे मुखवटे भरपूर आहेत, पण पुरातत्त्वज्ञांच्या हाताने, जागच्या जागी सापडलेले फारच थोडे. 2011 मध्ये सूर्याच्या पिरॅमिडखाली बोगद्यातून खोदताना, बांधकाम सुरू करताना ठेवलेल्या नैवेद्यात हिरव्या सर्पेंटाइनचा साधारण 11 सेंटिमीटरचा छोटा मुखवटा मिळाला, तेव्हा ती बातमी झाली. बाकीचे बहुतेक बाजारातून आलेले, 'मध्य मेक्सिको' किंवा 'गेरेरो' (दक्षिणेकडचं एक राज्य) अशा मोघम पत्त्यांचे.

याच्या अगदी उलट उदाहरण मेक्सिको सिटीच्या मध्यवर्ती भागातलं आहे. 1978 मध्ये वीज कामगारांना खोदताना कोयोल्शाउकी देवीची भलीमोठी शिळा लागली आणि एदुआर्दो मातोस मोक्तेसुमा यांच्या देखरेखीखाली तेम्प्लो मायोर, म्हणजे अॅझ्टेकांच्या मुख्य मंदिराचं उत्खनन सुरू झालं. तिथल्या नैवेद्यांत काय निघालं? तेओतिवाकानचे मुखवटे. गेरेरो भागातल्या मेस्काला शैलीचे शंभरहून जास्त मुखवटे. आणि ओल्मेक या फार जुन्या मेक्सिकन संस्कृतीतला एक छोटा मुखवटा, जो पुरला तेव्हाच दोन हजारांहून अधिक वर्षं जुना होता. म्हणजे अॅझ्टेक स्वतःच या जुन्या मुखवट्यांचे संग्राहक होते. 2023 मध्ये त्याच मंदिरात पहिल्या मोतेकुसोमाच्या काळातली, 1440 ते 1469 मधली, एक दगडी पेटी मिळाली, आणि तिच्यात मेस्काला शैलीच्या 15 मानवी मूर्ती होत्या. पंधराव्या शतकातला एक राजा आपल्यापेक्षा कितीतरी जुन्या वस्तू पेटीत जपून देवापुढे ठेवतो, ही केवढी मोठी गोष्ट आहे! पण ती आपल्याला कळली कशावरून? दगड पेटीत, पेटी मंदिराच्या एका विशिष्ट थराखाली, आणि तो थर अमुक राजाचा, यावरून. त्याच मूर्ती रात्री कुदळीने उपसून बाजारात आल्या असत्या तर पाठीला चिठ्ठी लागली असती 'मेस्काला', आणि संपलं. राजाही गेला, पेटीही गेली.

हे तुम्हाला अपराधी वाटावं म्हणून लिहीत नाहीये. दगडाचं वय ठरवायला दुसरा मार्ग जवळपास नाही, हे पटवायचंय. मातीच्या भांड्याला थर्मोल्युमिनेसन्स चाचणी आहे, लाकूड-हाडाला कार्बन आहे. दगड स्वतः लाखो-कोट्यवधी वर्षांचा, तो कोरला कधी हे तो सांगत नाही. उरतं काय? सापडण्याची जागा, शैली, आणि हत्यारांच्या खुणा. जागा तुमच्याकडे नाही. शैलीची नक्कल होते. राहिल्या खुणा, आणि तिथे माझं काम सुरू होतं.

मुखवटा हातात आला की मी चेहऱ्याकडे शेवटी बघते. आधी उलटा करते. नक्कल करणाऱ्याची सगळी मेहनत पुढच्या बाजूवर असते, कारण त्याच्यासमोर पुस्तकातला फोटो असतो आणि फोटो पुढून काढलेले असतात. पाठ बहुधा उगाच सपाट केलेली, नाहीतर यंत्राने एकसारखी पोखरलेली. मग दहापट जवाहिऱ्याचं भिंग घेऊन भोकांकडे वळते. या लोकांकडे दगड कोरायला धातूची हत्यारं नव्हती. चकमकीच्या टोकाने, किंवा पोकळ वेतात-हाडात वाळू आणि पाणी घालून ते फिरवत भोक पाडायचे. टोक झिजत जायचं, त्यामुळे भोक तोंडाशी रुंद आणि आत निमुळतं. जाड जागी दोन्ही बाजूंनी पाडायचे, मग मधोमध कंबर निघते, आणि दोन भोकांची तोंडं बऱ्याचदा नीट जुळलेलीही नसतात. भिंगातून बाजूने टॉर्च मारला की आतल्या भिंतीवर वर्तुळाकार चरे दिसतात, कमी-जास्त खोलीचे, ओबडधोबड. पोलादी बिटने पाडलेलं भोक मात्र सरळ नळीसारखं, आणि चरे समान अंतरावर, शिस्तीत.

त्यानंतर कोपरे: डोळ्याचा आतला कोन, नाकपुड्या, दोन ओठांमधली फट. अशा जागी पॉलिश करायचं तर चामडं किंवा वेताचा तुकडा पोचतो तेवढाच पोचतो. म्हणून जुन्या कामात उंच भाग गुळगुळीत आणि कोपरे किंचित मंद, खरखरीत राहतात. फिरत्या यंत्राने केलेल्या कामात कोपऱ्यातही तितकीच चकाकी असते, नाहीतर चाकाच्या समांतर रेघा अचानक थांबतात. ज्या रेघा हाताने येत नाहीत त्या डोळ्याला चटकन टोचतात, सवयीने.

मग फुटलेल्या कडा. 'प्राचीन' कपच्या आतून पांढऱ्याफटक असतील आणि बाकी मुखवटा तपकिरी, तर तो तपकिरीपणा वरून चोपडलेला असण्याची शक्यता मोठी. खरं मातीत पडून येणारं आवरण एकसारखं नसतं. कुठे चुनखडीचा कडक थर, कुठे मुळांचे वेडेवाकडे माग, कुठे मँगनीजचे काळे ठिपके दगडाच्या भेगांत शिरलेले. नकली आवरण खळग्यांत साचलेलं असतं आणि अतिनील दिव्याखाली त्यातला गोंद किंवा मेण चमकतं. दिवा स्वस्तात मिळतो, तो जरूर न्या. पण अॅसिटोनचा बोळा, अॅसिड, नखाने किंवा चाकूने ओरखडा, यातलं काहीही दुसऱ्याच्या वस्तूवर करू नका. इंटरनेटवर असले 'घरगुती उपाय' वाचून लोकांनी चांगल्या वस्तूंची वाट लावलेली मी पाहिली आहे.

दगडाची जात तपासणं त्यामानाने सोपं. चिठ्ठीवर 'जेड' लिहिलेलं असतं आणि निघतो सर्पेंटाइन, हे नेहमीचं. खरं जेडाइट ग्वातेमालातल्या मोतागुआ खोऱ्यातलं, अतिशय कठीण आणि हाताला अपेक्षेपेक्षा जड. पाण्यात तोलून घनता काढली तर जेडाइटची सव्वातीनच्या वर येते, सर्पेंटाइनची अडीचच्या आसपास. तेओतिवाकानच्या मुखवट्यांत सर्पेंटाइनही असतो आणि तेकाली नावाचा पांढरट ट्रॅव्हर्टाइनही, त्यामुळे 'जेड नाही म्हणजे खोटा' असा निष्कर्ष काढू नका. उलटही तेच: दगड बरोबर आहे म्हणून काम जुनं ठरत नाही. तोच दगड आजही त्याच डोंगरात आहे.

भिंगाच्या पुढची पायरी म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. खुणेचा सिलिकॉनने ठसा घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, म्हणजे मूळ वस्तूला धक्का लागत नाही. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेच्या जेन मॅक्लारेन वॉल्श यांनी याच पद्धतीने स्फटिकाच्या त्या प्रसिद्ध 'अॅझ्टेक' कवट्यांचं बिंग फोडलं. चाकाच्या खुणा निघाल्या, आणि एका कवटीवर तर सिलिकॉन कार्बाइडचे कण, जे घर्षणासाठी कारखान्यात बनायला लागलं ते 1890 च्या दशकात. तेम्प्लो मायोर संग्रहालयात एमिलियानो मेल्गार आणि त्यांचे सहकारी वेगळ्या बाजूने जातात: स्वतः बसाल्ट, चकमक, ऑब्सिडियन, वाळू घेऊन दगड घासतात, भोकं पाडतात, आणि त्या खुणा जुन्या वस्तूंवरच्या खुणांशी ताडून बघतात. मला हे काम फार आवडतं. हाताने घासून पाहिल्याशिवाय एका भोकामागे किती तास जातात हे कळत नाही.

पण हे सगळं करूनही काय हाती लागतं? खोटा असेल तर बऱ्याचदा ठामपणे खोटा म्हणता येतं. खरा असेल तर मी एवढंच लिहून देते की 'आधुनिक हत्याराच्या खुणा आढळल्या नाहीत, खुणा प्राचीन तंत्राशी सुसंगत आहेत'. यापुढे कुणी गेलं तर तो विक्रेत्याचा माणूस समजा. मालिनाल्तेपेकच्या मुखवट्याचंच बघा. फिरोजा, अॅमेझोनाइट आणि शिंपल्याच्या तुकड्यांनी मढवलेला हा तेओतिवाकान शैलीचा मुखवटा 1921 मध्ये गेरेरोत मिळाला आणि आज मेक्सिकोच्या राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालयात आहे. त्याच्या खरेपणाबद्दल कित्येक दशकं शंका घेतल्या गेल्या. अखेर या शतकात वेगवेगळ्या शाखांच्या तज्ज्ञांनी मिळून अभ्यास केला तेव्हा तो खरा असल्याचं मान्य झालं. एका राष्ट्रीय संग्रहालयातल्या वस्तूला एवढं लागलं. इस्टेट सेलमधल्या मुखवट्यासाठी तेवढं कोण करणार?

नामांकित संग्रहही यातून सुटलेले नाहीत. 2013 मध्ये पॅरिसला बार्बिए-म्युलर हा जगप्रसिद्ध संग्रह सदबीजने लिलावात काढला, तेव्हा मेक्सिकोच्या राष्ट्रीय मानववंशशास्त्र व इतिहास संस्थेने विरोध करताना म्हटलं की मेक्सिकोच्या म्हणवल्या जाणाऱ्या 130 वस्तूंपैकी 79 अलीकडे बनवलेल्या आहेत. बाकीच्या खऱ्या, म्हणून परत द्या! लिलाववाल्यांना अर्थातच ते मान्य नव्हतं. मी या वादात कुणाची बाजू घेत नाही, पण एवढ्या मोठ्या संग्रहाबद्दल हे मतभेद असतील तर चिठ्ठीवर किती भरवसा ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

मेस्कालाबद्दल एक जास्तीची सूचना, कारण तुम्ही 'पुढे मेस्काला घेईन, ते परवडतात' असं लिहिलंय. परवडतात याला कारण आहे. त्या शैलीत चेहरा म्हणजे कुऱ्हाडीच्या आकाराच्या दगडावर चार-सहा सरळ छेद: कपाळाची कड, नाक, डोळ्यांच्या जागी दोन उतार. मिगेल कोव्हार्रुबियाससारख्या चित्रकाराला ती शैली भुरळ घालते ते त्या साधेपणामुळेच. आणि नक्कल करायला सगळ्यात सोपी तीच. मला स्वतःला बाजारातला कागदांविना आलेला मेस्काला मुखवटा तपासायला दिला तर मी काम घ्यायला कुरकुरते.

आता किमतीबद्दल. फेब्रुवारी 2021 मध्ये पॅरिसला क्रिस्टीज या लिलावगृहाने तेओतिवाकानचा एक हिरव्या दगडाचा मुखवटा लिलावात काढला होता. तो पूर्वी पिएर मातीस, म्हणजे चित्रकार आंरी मातीस यांच्या मुलाच्या संग्रहात होता. अंदाजित किंमत साडेतीन ते साडेपाच लाख युरो. मेक्सिकोने त्या लिलावालाही विरोध केला, तो भाग वेगळा. तुमच्या मुखवट्याचे 4200 डॉलर आणि हे लाखो युरो, यांच्यामधलं अंतर मुख्यतः मालकीच्या इतिहासाचं आहे. 4200 ही रक्कम मोठी विचित्र आहे. खऱ्यासाठी फारच कमी, सजावटीच्या प्रतिकृतीसाठी फारच जास्त. विकणाऱ्यालाही ठाऊक नसेल, किंवा ठाऊक असूनही तो जोखीम तुमच्या गळ्यात घालत असेल. दोन्ही शक्यता धरून चला.

कुणीतरी खाली प्रतिक्रियेत सुचवलंय की इंटरपोलच्या यादीत शोधा, नाव आलं नाही तर बिनधास्त घ्या. इंटरपोलचं आयडी-आर्ट नावाचं मोफत अॅप आहे, ते जरूर वापरा. पण त्यात चोरी नोंदवलेल्या वस्तू असतात. 1985 च्या नाताळात मेक्सिकोच्या राष्ट्रीय संग्रहालयातून पालेंके या माया शहराच्या पाकाल राजाचा जेडचा मुखवटा चोरीला गेला, तेव्हा जगाला त्याचा तुकडा न तुकडा माहीत होता. शेवटी 1989 मध्ये तो परत मिळाला. जमिनीतून थेट उपसलेल्या वस्तूचा फोटोच कुणाकडे नसतो, मग ती यादीत येणार कशी? यादीत नाव नाही याचा अर्थ एवढाच की यादीत नाव नाही.

पुण्याला नेण्याबद्दल. योगायोगाने आपला पुरावस्तू कायदाही 1972 चाच आहे, आणि शंभर वर्षांहून जुनी कलाकृती त्याच्या व्याख्येत बसते. भारत 1970 च्या युनेस्को कराराचा सदस्य 1977 पासून आहे, मेक्सिको आणि अमेरिकाही आहेत. म्हणजे अमेरिकेतून निघताना आणि मुंबईत उतरताना, दोन्हीकडे तुम्हाला खरं विधान करावं लागणार: ही प्राचीन वस्तू आहे की शोभेची? प्राचीन म्हणाल तर कागद मागतील. शोभेची म्हणाल आणि ती प्राचीन निघाली तर खोटी माहिती दिल्याचं प्रकरण वेगळं. एकदा भारतात आली की पुन्हा बाहेर काढणंही सोपं नाही. आणि मनाला विचारा, तमिळनाडूतून चोरीला गेलेला पत्तूरचा नटराज लंडनच्या कोर्टात भांडून 1991 मध्ये परत आणला तेव्हा आपल्याला आनंदच झाला होता ना? मेक्सिकोची 'माझा वारसा विकाऊ नाही' ही मोहीम त्याच जातीची आहे.

इथवर आलात तर माझा सल्ला ओळखला असेल: या अवस्थेत तो मुखवटा घेऊ नका. पण संग्रहाची हौस सोडा असं मी म्हणत नाही. तेओतिवाकानच्या परिसरात आजही दगड आणि ऑब्सिडियन कोरणारे कारागीर आहेत. त्यांच्याकडून, नाव-सही आणि पावतीसकट, आजचं काम म्हणून केलेला मुखवटा घ्या. हात तयार असलेल्या माणसाचं काम बघण्यासारखं असतं, आणि पावती दाखवली की विमानतळावर फार समजावत बसावं लागत नाही. दुसरा मार्ग गेरेरोतल्या लाकडी नृत्य-मुखवट्यांचा: वाघाचे, सैतानाचे, मूर आणि ख्रिस्ती यांच्या लढाईच्या नाचातले. ते खरोखर तोंडावर बांधून नाचलेले असतात. आतल्या बाजूला घामाचे डाग, कपाळाशी घासून झालेली चकाकी, दोरीने झिजलेली भोकं, हे सगळं तुम्हाला स्वतःला वाचता येईल. तिथेही सावध राहा. 1970 च्या दशकात गेरेरोत संग्राहकांना विकण्यासाठीच भलभलते 'जुने' मुखवटे तयार झाले, जे कुणी कधी नाचात वापरले नव्हते. जितका जास्त विचित्र, साप-सरडे-वटवाघळांनी भरलेला, तितकी शंका जास्त. निदान ते प्रकरण फक्त पैशाचं आहे, कायद्याचं नाही.

तरीही मन मानत नसेल तर सेलवाल्यांना एक लेखी प्रश्न पाठवा, फोनवर नको: मुखवटा कधी, कुठून, कुणाकडून घेतला, आणि 1972 च्या आधी तो अमेरिकेत होता याचा कोणता पुरावा आहे. मुलांना जुने अल्बम, विम्याचे कागद, आयकराच्या फायली चाळायला सांगा. वारलेल्या माणसाच्या घरात हे सगळं बहुधा अजून खोक्यांत पडून असतं आणि सेल संपला की कचऱ्यात जातं, म्हणून या आठवड्यातच विचारा. पुरावा मिळाला तर पैसे देण्याआधी स्वतंत्र कॉन्झर्वेटरकडून (जतनाच्या तज्ज्ञाकडून) तपासणी करून घ्या. विक्रेत्याने सुचवलेला माणूस नको, आणि त्याची फी किमतीच्या टक्क्यांवर नको. पुरावा नसेल आणि वस्तू जुनी वाटत असेल, तर त्या मुलांना सांगा की डॅलसमध्ये मेक्सिकोचं वकिलात-कार्यालय आहे, आणि अमेरिकेतल्या कुटुंबांनी अशा वस्तू स्वतःहून तिथे सोपवल्याची उदाहरणं आहेत. बऱ्याच वारसदारांना हा मार्ग असतो हेच माहीत नसतं.

आणि पुढचे फोटो टाकाल तेव्हा पाठीचा, दोन्ही कानांमागच्या भोकांचा आणि त्या चिठ्ठीचा जवळून टाका. चिठ्ठीचा कागद, त्यावरचा टाइप आणि गोंद किती जुना आहे, यावर निदान काहीतरी सांगता येईल.